शिकारीच्या धनुष्यासाठी स्टॅबिलायझर कसा निवडावा

कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य घेऊन शिकारीला जाणारा माणूस साइट (नेम धरायचे साधन), रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आणि बाण यांचा विचार आठवडेच्या आठवडे करतो. स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्याच्या पुढे बसवायची टोकाला वजन असलेली दांडी, मात्र दुकानातून निघता निघता समोर दिसेल तो उचलतो. माझा पहिला स्टॅबिलायझर मीही असाच घेतला होता. तो पाच इंचांचा, जाडजूड आणि रबरी कड्यांचा होता, आणि धनुष्यावर शोभून दिसत होता. त्याच्यामुळे साइटची पिन, म्हणजे नेमाचा ठिपका, खरोखर स्थिर राहते का, हे तपासण्याचे दोन हंगाम माझ्या मनातही आले नाही. पुढे एका सकाळी तीस मीटरवर तो लावून दहा बाण सोडले, काढून दहा बाण सोडले आणि दोन्ही वेळचा बाणांचा पसारा मोजपट्टीने मोजला. फरक काहीच नव्हता. स्टॅबिलायझर म्हणजे नेमके काय, याचा अभ्यास मी त्या दिवसापासून सुरू केला. त्यातून हाती आलेले सूत्र असे आहे: स्टॅबिलायझर सर्वांत शेवटी निवडावा, आधी त्याची लांबी ठरवावी आणि वजन त्यानंतर, तेही आपल्या हातातली पिन पाहून ठरवावे.

शेवटी का, तर साइट, रेस्ट, भाता आणि भात्यातले बाण हे सगळे चढल्यावर धनुष्याचा तोल कुठे जातो, हे कळल्याशिवाय तो कशाने सावरायचा हे ठरवता येत नाही. नुसत्या धनुष्यावर बसवून पाहिलेला स्टॅबिलायझर भाता चढवताच अपुरा किंवा चुकीचा ठरू शकतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. धनुष्याची ताणलांबी आपल्या हातांच्या मापाची नसेल किंवा ताणाचे वजन आपल्या ताकदीबाहेरचे असेल, तर पिन थरथरत राहणारच, आणि कोणताही स्टॅबिलायझर ती थरथर थांबवू शकणार नाही. ज्याला दोरी ओढताना धनुष्य आभाळाकडे उचलावे लागते, त्याने आधी ताण दोन-चार पौंडांनी कमी करावा आणि मगच हा लेख पुढे वाचावा.

लांबी आणि वजन यांचा हिशेब

नेमबाजीतील धनुष्यांना स्टॅबिलायझर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला आणि त्याचे श्रेय अमेरिकन धनुष्यनिर्माते अर्ल हॉइट यांना दिले जाते. मागची कल्पना साधी होती आणि आजही ती तशीच आहे: मुठीपासून दूर ठेवलेले थोडे वजन धनुष्याला चटकन वळू देत नाही. तारेवर चालणारा कसरतपटू हातात लांब काठी धरतो ती याच कारणासाठी. काठी त्याला उचलून धरत नाही. ती फक्त त्याचे कलणे इतके संथ करते की तेवढ्या वेळात त्याला स्वतःला सावरता येते. स्टॅबिलायझरही हात स्थिर करत नाही, तो हाताच्या चुकीचा वेग कमी करतो.

या संथपणाला भौतिकशास्त्रात जडत्वाचे परिबल म्हणतात, आणि ते वजनाला अंतराच्या वर्गाने गुणून मिळते. याउलट टोकाचे वजन मुठीला जे खाली ओढते, ती ओढ वजनाला नुसत्या अंतराने गुणून मिळते. निवडीचे सगळे मर्म या दोन गुणाकारांतल्या फरकात आहे. धनुर्विद्येत मापे इंच आणि औंसांत चालतात, आणि एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. आता तीन बार, म्हणजे स्टॅबिलायझरच्या तीन दांड्या, घेऊ. दहा इंचांवर ४ औंस ठेवले तर हिशेब येतो ४००. आठ इंचांवर ६ औंस ठेवले तर येतो ३८४. सहा इंचांवर तेवढाच परिणाम मिळवायला ११ औंस लागतात, तेव्हा येतो ३९६. म्हणजे तिन्ही बार पिनला जवळजवळ सारखेच संथ करतील. पण खाली ओढणारा भार पाहिला तर पहिल्याचा ४०, दुसऱ्याचा ४८ आणि तिसऱ्याचा ६६ भरतो. शिवाय तिसऱ्या बारात ७ औंस, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम वजन दिवसभर जास्तीचे वाहावे लागते. (यात बारचे स्वतःचे वजन धरलेले नाही, ते धरले तर आकडे थोडे हलतील, पण निष्कर्ष बदलणार नाही.)

म्हणूनच आखूड आणि जड स्टॅबिलायझर हा मला सर्वांत तोट्याचा सौदा वाटतो. तो खांद्याला थकवतो, मुठीला खाली खेचतो आणि त्या बदल्यात पिनला फारसे काही देत नाही. लक्ष्यभेदाच्या स्पर्धांत तीस इंचांच्या आसपासचे लांबलचक बार दिसतात ते याच कारणाने. शिकाऱ्याला तेवढी लांबी परवडत नाही. पण आपण जिथे बसणार आहोत तिथे जितकी लांबी खपेल तितकी घ्यावी आणि टोकाला कमीत कमी वजन ठेवावे, हा नियम त्यालाही तितकाच लागू आहे.

आडवा कल आणि मागचा बार

पुढचा बार धनुष्याचे वर-खाली होणे आणि डावी-उजवीकडे वळणे संथ करतो. धनुष्याचे बाजूला कलणे मात्र तो जवळजवळ थांबवत नाही, कारण त्या वेळी धनुष्य बारच्याच अक्षाभोवती फिरत असते आणि अक्षावरच बसलेले वजन त्या फिरण्याला विरोध करू शकत नाही. पुष्कळांच्या हे ध्यानात येत नाही. साइटवरच्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर राहत नाही म्हणून ते पुढे आणखी एक चकती चढवतात. बुडबुडा जिथल्या तिथे राहतो आणि हात मात्र लवकर थकतो.

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या धनुष्यावर साइट उजवीकडे असते आणि भाताही उजवीकडेच. त्यामुळे पूर्ण ताणलेल्या अवस्थेत धनुष्याचे वरचे टोक उजवीकडे झुकू लागते आणि बुडबुडा डावीकडे सरकतो. मनगट पिळून तो मध्यावर आणता येतो, पण बाण सुटण्याच्या क्षणी तेच पिळलेले मनगट मोकळे होते आणि बाणाची वाट मोडते. हा कल किती महागात पडतो, त्याचा अंदाज असा. बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर तीस मीटर जाईपर्यंत तो सरळ रेषेपेक्षा सुमारे ६० सेंटिमीटर खाली येतो. साइटची जुळणी हा घसरा गृहीत धरूनच केलेली असते. धनुष्य तीन अंशांनी कलले, तर त्या घसऱ्याचा एक भाग आडवा होतो आणि बाण साधारण ३ सेंटिमीटर बाजूला लागतो. चाळीस मीटरवर हीच चूक सहा सेंटिमीटरच्या घरात जाते. सरावाच्या फलकावर एवढे खपून जाते. जिवंत सावजाच्या बाबतीत हाताच्या चुकीत, वाऱ्यात आणि अंतराच्या अंदाजात याची भर पडते, आणि जखमी जनावर रात्रभर शोधण्याची पाळी अशाच लहानलहान चुकांच्या बेरजेतून येते.

यावर उपाय म्हणजे भात्याच्या विरुद्ध बाजूला वजन देणे. त्यासाठी रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या कडक भागाच्या, खालच्या बाजूस ब्रॅकेट बसवून एक आखूड बार मागे, आपल्या दिशेने आणि थोडा बाहेर डावीकडे काढतात. हा मागचा बार दोन कामे करतो: भात्याची आडवी ओढ तोलतो आणि पुढच्या बारने खाली खेचलेले टोकही सावरतो. त्याचा कोन बदलता येईल असेच ब्रॅकेट घ्यावे. बार जितका बाहेर काढावा तितका बुडबुड्यावर परिणाम जास्त होतो, पण झाडीत आणि कपड्यांत तो अडकण्याचा संभवही तितकाच वाढतो. मागच्या बारावर पुढच्यापेक्षा अधिक वजन लागते, साधारण दीडपट ते दुप्पट, कारण तो आखूड असतो आणि रायझरचे बरेचसे वजन मुळातच मुठीच्या पुढे असते. हे प्रमाण सुरुवातीपुरते धरावे. खरे प्रमाण प्रत्येकाच्या हातावर ठरते.

मागचा बार प्रत्येकाला लागतोच असे नाही. भाता काढून ठेवून लपणीत (आडोशात) बसणाऱ्याला किंवा वीस मीटरच्या आतच बाण सोडणाऱ्याला तो लावून मिळण्यासारखे थोडे असते. काही भाते रायझरला अगदी चिकटून बसतात आणि आडवी ओढ मुळातच कमी करतात. माझ्या मते मागचा बार विकत घेण्याआधी तसा भाता लावून पाहणे शहाणपणाचे आहे. पण भात्यासह फिरणाऱ्याने, विशेषतः तीस मीटरपलीकडे बाण सोडण्याची ज्याची तयारी आहे त्याने, पुढच्या बारावर आणखी खर्च करण्यापेक्षा मागच्या बारचा विचार करावा.

कुठे बसणार, त्यावर लांबी

जमिनीवरच्या लपणीत सर्वांत मोठी अडचण खिडकीची असते. सावज समोर येते, आपण दोरी ओढतो, आणि धनुष्य फिरवताना बारचे टोक खिडकीच्या कडेला किंवा कापडाला घासते. त्या शांततेत तो आवाज आपल्यालाच केवढा मोठा वाटतो, हे ज्याने ऐकले आहे तो विसरणार नाही. लपणीसाठी सहा ते आठ इंच पुरे. बार विकत घेण्याआधी त्याच लांबीची काठी धनुष्याला बांधून लपणीत बसावे आणि प्रत्येक खिडकीतून पूर्ण ताण घेऊन पाहावा.

मचाणावर जागा मोकळी असते, तरी कठड्याची पट्टी, झाडाचे खोड आणि धनुष्य टांगायचा आकडा या तिन्हींशी बारचा संबंध येतो. टांगलेले धनुष्य पुढून जड असेल तर ते आकड्यावर तिरके होते, आणि हातात घेताना जास्तीची हालचाल करावी लागते. दोरीने धनुष्य वर ओढून घेताना लांब बार फांद्यांना अडकतो, हेही ध्यानात ठेवावे. आठ ते दहा इंच ही मचाणासाठी मला सर्वांत सोयीची लांबी वाटते.

उघड्या डोंगराळ मुलखात चालत, रांगत जाऊन सावज गाठणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. तिथे बाण अधिक अंतरावरून सोडावा लागतो, वारा असतो आणि दम लागलेला असतो. अशा वेळी दहा ते बारा इंचांचा बार आपली किंमत वसूल करून देतो. बार बारीक व्यासाचा असावा, कारण जाड नळीला आडवा वारा अधिक ढकलतो. बारा इंचांच्या पुढे जाण्याची गरज शिकाऱ्याला क्वचितच पडते. थ्रीडी (प्राण्यांच्या आकाराच्या) लक्ष्यांच्या स्पर्धांतही शिकारी गटासाठी बाराच इंचांची मर्यादा पुष्कळदा ठेवलेली असते, त्यामुळे या लांबीचा बार दोन्हीकडे चालतो.

धनुष्याची शिकार कुठे, कोणत्या प्राण्याची आणि कोणत्या हंगामात करता येते, हे त्या त्या प्रदेशाचा कायदा ठरवतो, आणि धनुष्याला काय लावता येते याचेही नियम कुठे कुठे असतात. खरेदीपूर्वी ते वाचून घ्यावेत.

बार हातात घेऊन काय पाहावे

दुकानात बार हातात आला की पहिली कसोटी बोटावरची. टोकाची वजने लावलेली ठेवून बार एका बोटावर आडवा तोलावा. तोलबिंदू टोकाच्या जितका जवळ येईल तितका बार चांगला, कारण त्याचा अर्थ नळी हलकी आहे आणि वजन जिथे असायला हवे तिथेच आहे. तोल मधोमध येत असेल तर आपण पैसे मोजून मुठीजवळचे वजन विकत घेत आहोत असे समजावे. कार्बनच्या नळीचे महत्त्व या हलकेपणात आणि ताठपणात आहे. ॲल्युमिनियमचा बारही काम देतो. आखूड लांबीत तर फरक जाणवणेही कठीण असते.

दुसरी कसोटी टिचकीची. बार बुडाशी घट्ट धरून टोकाच्या वजनाला टिचकी मारावी. वजन लगेच शांत झाले पाहिजे. ते डुलत राहिले तर मधला रबरी डॅम्पर (कंपन शोषणारा तुकडा) त्या वजनासाठी फार मऊ आहे, आणि नेम धरताना आपण पिन थांबवू पाहत असू तेव्हा ते टोक आपल्या लयीत डुलत राहील. थंडीत रबर ताठ होते आणि उन्हात मऊ पडते, तेव्हा ज्या हवामानात शिकार करायची त्याच हवामानात ही कसोटी पुन्हा घ्यावी.

डॅम्परबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण जाहिरातींत सर्वाधिक भर त्यावर असतो. बाण सुटल्यावर धनुष्यात उरलेली ऊर्जा कंपनाच्या आणि आवाजाच्या रूपाने बाहेर पडते. तोवर बाण दोरीपासून सुटलेला असतो, त्यामुळे हे कंपन शोषल्याने तो बाण अधिक अचूक होत नाही. आवाजाचे मात्र महत्त्व आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि आपला बाण ८५. म्हणजे तीस मीटरवरच्या सावजाला धनुष्याचा आवाज बाण पोहोचण्याच्या पाव सेकंद आधी ऐकू येतो, आणि सावध हरणाला खाली दबून उसळी घ्यायला तेवढा वेळ पुरतो. तेव्हा डॅम्पर असावा, पण लहान आणि ताठ असावा. आवाज कमी करण्याची अधिक प्रभावी साधने दोरीवर आणि रेस्टवर बसतात; त्या कामासाठी स्टॅबिलायझर निवडू नये.

वजने सुट्या चकत्यांची असावीत, एक-एक औंसाची, आणि बार घेतानाच दोन-तीन चकत्या जास्त घ्याव्यात. ज्याच्या टोकाचे वजन बदलता येत नाही, तो स्टॅबिलायझर दुसऱ्याच्या हाताला जुळणारा असू शकतो, आपल्या हाताला जुळेलच याची खात्री नाही. आट्यांची चिंता सहसा करावी लागत नाही. आजच्या बहुतेक धनुष्यांवर स्टॅबिलायझरसाठी ५/१६ इंच व्यासाचे, इंचाला २४ आट्यांचे छिद्र असते आणि बहुतेक बार त्याच मापाचे येतात. अर्ध्या फेऱ्यात निघणारा जोड पेटीत धनुष्य ठेवायला सोयीचा असतो, पण तो बसवून बार जोरात हलवून पाहावा. त्यात किंचितही खडखड असेल तर तो नको. रंग झाकोळलेला, चमक नसलेला असावा. यापलीकडे नक्षी आणि रंगसंगतीत वेळ घालवू नये.

पिन पाहून वजन ठरवणे

आता खरे काम. शिकारीला जसे धनुष्य नेणार तसेच ते सज्ज करावे: भाता लावलेला, भात्यात पूर्ण बाण, अंगात हंगामात घालायचे जाकीट. लक्ष्यफलकाच्या मागे सुरक्षित बांध असावा, बाण लावलेला असावा आणि रिलीजच्या (दोरी सोडायच्या साधनाच्या) खटक्यावर बोट नसावे. बाण न लावता दोरी ओढू नये. चुकून सुटली तर धनुष्य मोडू शकते आणि आपल्यालाही इजा होऊ शकते.

पहिली चाचणी स्टॅबिलायझरशिवाय. वीस मीटरवर नेम धरून डोळे मिटावेत, मूठ सैल ठेवून दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडताच आधी बुडबुड्याकडे पाहावे. डोळे मिटलेले असताना हात कसलीही दुरुस्ती करत नाही, त्यामुळे धनुष्याला स्वतःहून कुठे जायचे आहे ते दिसते. हे चार-पाच वेळा करून वहीत लिहून ठेवावे. माझ्या वहीत त्या सकाळी पाचही नोंदी सारख्याच होत्या: बुडबुडा डावीकडे, रेघेच्या पूर्ण बाहेर. दोन हंगाम मी मनगटाने तो ओढून मध्यावर आणत होतो आणि मला त्याची जाणीवही नव्हती.

मग ठरवलेल्या लांबीचा बार टोकाला ३ औंस लावून बसवावा आणि पिनकडे पाहावे. इथे पिन थांबते का, हे पाहायचे नाही. ती कुणाचीच थांबत नाही. ती कोणत्या दिशेने आणि किती घाईने जाते, हे पाहायचे. पिन लहान वर्तुळात संथ फिरत असेल तर वजन जवळपास योग्य आहे. ती झटके घेत सैरभैर उडत असेल तर एक औंस वाढवावा. ती पुन्हा पुन्हा केंद्राच्या खाली घसरत असेल आणि आपण तिला उचलत असू, तर पुढे वजन जास्त झाले आहे: एक चकती काढावी किंवा मागच्या बारावर एक वाढवावी. पिन वर तरंगत असेल तर याच्या उलट करावे. बुडबुडा डावीकडे जात असेल तर मागचा बार आणखी बाहेर काढावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच त्यावर वजन चढवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर किमान सहा बाण सोडावेत. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

बाण सुटल्यानंतरचे धनुष्यही बोलते, मात्र मूठ सैल हवी. सुटताच वरचे टोक आपल्या अंगावर येत असेल तर पुढे वजन कमी आहे. धनुष्य धाडकन पुढच्या बाजूने खाली पडत असेल तर ते जास्त आहे. आणि ते पुढे झेपावून मग सावकाश खाली झुकत असेल तर तोल चांगला बसला आहे.

एवढ्यावर थांबल्यास वजन हमखास जास्त ठरते, कारण सकाळच्या ताज्या हाताला जड धनुष्यच स्थिर वाटते. म्हणून पुढची चाचणी थकलेल्या हाताची. तीस बाण सोडून झाल्यावर पूर्ण ताण घेऊन वीस सेकंद धरावा आणि पिनची चाल पुन्हा लिहावी. शेवटच्या सेकंदांत ती खाली कोसळत असेल तर एक औंस कमी करावा, ताज्या हाताने सोडलेल्या बाणांचे गट किंचित पसरले तरी चालतील. शिकारीत सावज झाडाआड थांबते आणि ताण धरून वाट पाहावी लागते. निवड त्या शेवटच्या सेकंदांसाठी करायची असते. दुसऱ्या दिवशी याहून कठीण परीक्षा घ्यावी: तासभर न हलता बसावे, मग उठून कसलाही सराव न करता एकच बाण सोडावा. असे आठ-दहा दिवस करावे आणि प्रत्येक दिवसाचा तो एकच बाण त्याच कागदावर जमवावा. त्या कागदावरचा गट हाच आपला खरा गट. माझे पुढचे वजन पहिल्या दिवशी ६ औंसांवर गेले होते. या कागदाने ते ४ वर आणले आणि तिथेच ते राहिले.

भात्यातल्या बाणांचीही आठवण ठेवावी. ४३७.५ ग्रेन म्हणजे एक औंस, आणि शिकारीचा पात्यासकट बाण पुष्कळदा या आकड्याच्या आसपासच भरतो. म्हणजे भात्यातून एक बाण काढून दोरीवर चढवला की बाजूचे एक औंस वजन कमी होते. चाचणीही तशीच करावी: एक बाण दोरीवर, उरलेले भात्यात. मचाणावर चढल्यावर भाता काढून ठेवण्याची सवय असेल तर सगळी जुळणी भात्याशिवाय करावी, आणि मग भात्यासह बाण सोडण्याचा मोह टाळावा.

बसवल्यानंतर

स्टॅबिलायझर बसवला की साइट पुन्हा जुळवावी लागते. तोल बदलल्याने मूठ बदलते, मूठ बदलल्याने बाण दुसरीकडे लागतो. आधी सरावाच्या टोकांनी आणि मग शिकारीच्या पात्यांनी, प्रत्येक अंतरावर, ही जुळणी करावी. पाती सरावाच्या टोकांपासून वेगळी लागत असतील तर दोष बहुधा रेस्टच्या जुळणीत किंवा मुठीच्या पिळात असतो. तो वजने हलवून झाकू नये.

बार हातानेच फिरवून बसवावा. आटे तिरके चढत असल्याचे जाणवताच थांबून बार पूर्ण बाहेर काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी. रायझर ॲल्युमिनियमचा असो वा कार्बनचा, त्यातले आटे एकदा खराब झाले की दुरुस्ती सोपी नसते. बार आणि रायझर यांच्यामध्ये पातळ रबरी चकती ठेवल्यास तो सैल होत नाही आणि धातूवर धातू वाजत नाही. टोकाच्या चकत्यांच्या बोल्टला, वजन कायम ठरल्यानंतर, सुटू शकणाऱ्या प्रकारचा आटेबंद द्रव एक थेंब लावावा. कायमचा पकडणारा द्रव इथे कधीही वापरू नये.

एका हंगामात माझी शेवटची चकती पायवाटेवर चालताना सैल झाली आणि ताण घेताना तिची किणकिण ऐकू आली. हरणाने मान वर केली आणि ते निघून गेले. तेव्हापासून सगळी जुळणी पूर्ण झाली की मी रायझर, बार आणि प्रत्येक चकती यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ खालच्या बाजूने ओढतो. पहाटे धनुष्य पेटीतून काढताना बॅटरीच्या उजेडात ती रेघ पाहायची. ती कुठेही तुटलेली दिसली तर तेवढा जोड हाताने घट्ट करून रेघ पुन्हा जुळवायची, आणि मगच बाण भात्यात लावायचे.